गंधकास बांधण्याची विद्या

गंधक ही वस्तु मराठी घराला अनोळखी नाहीं. दिवाळीच्या फटाक्यांच्या दारूंत गंधक असतो, खरजेच्या मलमांत गंधक असतो, आणि पाऱ्याबरोबर गंधक खलून त्याची काळीभोर कज्जली करण्याची रीत तर रसवैद्यांच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाऱ्यासारख्या चंचल धातूला गंधकानें जखडून ठेवावें, ही त्या विद्येंतील मूळ कल्पना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रसायनशास्त्रज्ञांपुढें जो प्रश्न उभा राहिला, तो मात्र याच्या अगदीं उलट होता. विजेच्या घटांत घातलेला गंधक स्वतःच चंचल होतो, आपली जागा सोडून पळूं लागतो. जो दुसऱ्याला बांधीत आला, त्याला आतां कोणी बांधावें?

हा प्रश्न वरवर पाहतां प्रयोगशाळेच्या चार भिंतींतला वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर बरेंच कांहीं अवलंबून आहे. वजनाला हलका, किंमतीला स्वस्त आणि पोटांत भरपूर वीज सांठविणारा घट मिळाला, तर विजेवर चालणारी मोटार एका दमांत दूरचा पल्ला गांठील, सूर्यप्रकाशावर उडणारें विमान रात्रहि आकाशांतच काढील, आणि ज्या कोबाल्ट धातूसाठीं आफ्रिकेंतील काँगो देशाच्या खाणींत गरीब माणसें, प्रसंगीं लहान मुलेंहि, हातांनीं माती उपसतात, त्या धातूची गरज कमी होईल. गंधकाला महारेणूंच्या सांखळीनें बांधण्याचा जो उद्योग गेलीं कांहीं दशकें चालला आहे, त्याचा इतिहास म्हणूनच ऐकण्यासारखा आहे.

घट म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत पाहिलें पाहिजे. इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टानें जस्त आणि चांदी यांच्या चकत्या एकीवर एक रचून, मध्यें खारट पाण्यांत भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून विजेचा अखंड प्रवाह मिळविला, आणि १८०० सालच्या मार्च महिन्यांत ती हकीकत पत्रानें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. तेव्हांपासून घटांचे शेंकडों प्रकार झाले, पण त्यांचें तत्त्व एकच आहे. एक पदार्थ इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास उत्सुक असावा, दुसरा ते घेण्यास उत्सुक असावा, आणि या दोघांची सरळ गांठ पडूं देऊं नये. मग देणाऱ्याचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनें वळसा घालून जातात आणि वाटेंत दिवा लावतात किंवा यंत्र फिरवितात. विद्युद्भारित अणु, म्हणजे आयन, आंतल्या द्रवांतून पलीकडे पोंचतात. देणारी बाजू तो ऋण ध्रुव आणि घेणारी बाजू तो धन ध्रुव. घटाच्या या धन ध्रुवालाच शास्त्रज्ञ कॅथोड म्हणतात. १८५९ सालीं फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यानें शिशाच्या पत्र्यांचा, पुनःपुन्हां भरतां येणारा घट तयार केला. मोटारगाडींत आजहि त्याचाच वंशज असतो. तो इमानी आहे, पण जड आहे. एक ग्रॅम शिसें खर्ची पडलें कीं २५९ मिलिअँपिअर-तास एवढीच वीज पदरांत पडते.

हलकेपणाचा विचार करूं लागलें कीं नजर आपोआप लिथियमकडे वळते. स्वीडनच्या उटो बेटावरील पेटॅलाइट नांवाच्या खनिजाचें पृथक्करण करीत असतांना, बर्झेलियसच्या प्रयोगशाळेंतील योहान ऑगस्ट आर्फवेडसन या तरुणाला १८१७ सालीं हें मूलद्रव्य सांपडलें. दगडांत सांपडलें म्हणून दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव लिथियम पडलें. १८५५ सालीं बुन्सेन आणि मॅथिसेन यांनीं विजेच्या साहाय्यानें तें पुरेशा प्रमाणांत वेगळें काढलें. सर्व धातूंत हा हलका; याची घनता पाण्याच्या निम्म्याहून किंचित् अधिक, त्यामुळें तो तेलावरहि तरंगतो. १९१३ सालीं अमेरिकेंत गिल्बर्ट लुइस आणि फ्रेडरिक कीज यांनीं लिथियमचा विद्युत्-दाब मोजला, तेव्हां हायड्रोजनच्या मानानें तो सुमारें तीन व्होल्ट खालीं असल्याचें दिसून आलें. इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याची एवढी उत्सुकता विरळाच. एक ग्रॅम लिथियमपासून ३,८६० मिलिअँपिअर-तास वीज मिळूं शकते, म्हणजे शिशाच्या जवळजवळ पंधरा पट. देणारा असा मिळाला. आतां त्याच्या तोलामोलाचा घेणारा हवा होता.

गंधकाचा अणु दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि लिथियमच्या दोन अणूंशीं जुळून लिथियम सल्फाइड बनतो. त्याचा अणुभार अवघा ३२. हिशेब केला तर एक ग्रॅम गंधक १,६७२ मिलिअँपिअर-तास एवढी वीज स्वीकारूं शकतो. टेलिफोनांत आणि संगणकांत वर्षानुवर्षें वापरला गेलेला कोबाल्टचा ऑक्साइड प्रत्यक्ष व्यवहारांत १४० च्या आसपास थांबतो. गंधकाच्या घटाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, तर कोबाल्टच्या घटाचा सुमारें ३.७, ही उणीव वजा घातली तरी फायदा मोठाच उरतो. केवळ लिथियम आणि गंधक यांचेंच वजन धरलें, तर दर किलोग्रॅमला अडीच हजार वॅट-तासांच्या घरांत शक्ति सांठावी, असें गणित सांगतें. हें गणित नवें नव्हे. दानुता हर्बर्ट आणि युलिउश उलाम यांना अमेरिकेंत गंधकाच्या घटाचें पेटंट मिळालें तें १९६२ सालीं. म्हणजे ज्या लिथियम-आयन घटानें पुढें जग व्यापिलें, त्याच्या जवळजवळ तीस वर्षें आधीं गंधकाचा घट कागदावर अवतरला होता. मग तो मागें कां पडला?

याचें कारण गंधकाच्या स्वभावांत आहे, आणि तो स्वभाव तिहेरी आहे. पहिला दोष असा कीं, गंधक विजेचा अत्यंत दुर्वाहक. इलेक्ट्रॉन घेण्याची हौस मोठी, पण ते आपल्या अंगांतून पुढें नेण्याची ताकद नाहीं. म्हणून त्यांत काजळीसारखा कार्बन मिसळावा लागतो आणि तेवढें वजन वाढतें. दुसरा दोष असा कीं, लिथियमशीं संयोग झाल्यावर गंधकाचें आकारमान सुमारें ८० टक्क्यांनीं वाढतें, आणि घट भरतांना तें पुन्हां आकसतें. भिंतीला रोज ओल येऊन रोज ऊन लागावें, तसे त्या कॅथोडला तडे जातात.

तिसरा दोष सर्वांत घातक. घन गंधकाचा रेणु आठ अणूंच्या कड्यासारखा असतो. लिथियम येतांच हें कडें तुटून त्याची आठ, सहा, चार अणूंची सांखळी होते आणि तिच्या दोन्ही टोंकांना लिथियम चिकटतो. हीं पॉलिसल्फाइडें घटांतील द्रवांत साखरेसारखीं विरघळतात. विरघळलेली सांखळी पोहत पोहत ऋण ध्रुवाकडे जाते, तेथें धातुरूप लिथियमला भेटून आंखूड होते, आंखूड होऊन परत येते, आणि धन ध्रुवापाशीं पुन्हां लांब होते. मागावरचा धोटा जसा या टोंकाकडून त्या टोंकाकडे सारखा फिरतो, तसा हा खेळ चालतो. फरक इतकाच कीं, या धोट्यानें कापड विणलें जात नाहीं, वीज मात्र फुकट जाते. घट भरतां भरत नाहीं, आणि दर फेऱ्याला थोडाथोडा गंधक कायमचा गमावला जातो.

या पळपुट्या गंधकावर तीन प्रकारचे उपाय सुचले. एक भिंतीचा. १९६७ च्या सुमारास अमेरिकेंतील फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेंत जोसेफ कमर आणि नील वेबर यांनीं लिथियमऐवजीं सोडियम घेतलें, आणि सोडियमचे आयन तेवढे पलीकडे जाऊं देणारी चिनीमातीसारखी भिंत दोघांमध्यें उभी केली. हा घट चालला, पण तो तीनशें अंशांच्या वर तापवून ठेवावा लागे. दुसरा उपाय शरणागतीचा. गंधक विरघळणारच असेल तर तो आधींच विरघळवून टाकावा, अशा विचारानें १९७९ सालीं रॉह, अब्राहम आणि त्यांचे सहकारी यांनीं द्रवरूप गंधकाचा लिथियम-घट करून पाहिला. तिसरा उपाय बंधनाचा. गंधकाला दुसऱ्या कोणत्या तरी महारेणूशीं रासायनिक गांठ मारावी, म्हणजे त्यानें देवघेव करावी पण घर सोडूं नये. या तिसऱ्या मार्गाचा उगम शोधूं लागलें तर वाट विजेच्या प्रयोगशाळेंतून निघून रबराच्या कारखान्यांत जाते.

१८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें रबर गंधकाबरोबर तापविलें, आणि उन्हाळ्यांत चिकट व हिंवाळ्यांत ठिसूळ होणारें तें रबर एकाएकीं टिकाऊ झालें. तसें कां झालें, हें त्याला सांगतां येणें शक्य नव्हतें. लहान रेणु कड्याला कडी जोडावी तसे जोडले जाऊन हजारों अणूंचे महारेणु बनतात, हा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर यानें मांडला तो १९२० सालीं. अशा पदार्थांना इंग्रजी वळणानें पॉलिमर आणि मराठींत बहुवारिक म्हणतात. रबराच्या शेजारशेजारच्या सांखळ्यांमध्यें गंधकाचे लहान पूल पडतात, हें गुडइयरच्या शोधाचें मर्म तेव्हां उलगडलें. गंधक एकटाहि बहुवारिक होऊं शकतो. ११५ अंशांच्या आसपास तो वितळून पातळ पिवळा रस होतो. परंतु १५९ अंशांपुढें तापविला कीं तोच रस तांबूस आणि काकवीसारखा दाट होत जातो. आठांचीं कडीं उघडून एकमेकांना जोडलीं जातात आणि लांबच लांब सांखळ्या होतात. तो रस थंड पाण्यांत ओतला तर रबरासारखा लवचिक गोळा मिळतो. पण हें रूप टिकत नाहीं. कांहीं काळानें सांखळ्या मोडून पुन्हां कडीं होतात आणि गोळा ठिसूळ पडतो.

या खटाटोपांत एका अपघाताचीहि भर पडली. १९२६ सालीं अमेरिकेच्या कॅन्सस सिटी गांवीं जोसेफ पॅट्रिक हा मोटारीचें पाणी न गोठूं देणारा स्वस्त द्रव शोधीत होता. त्यासाठीं त्यानें एथिलीन डायक्लोराइड आणि सोडियम पॉलिसल्फाइड यांचा संयोग घडविला, तों द्रवाऐवजीं हातीं आला एक दुर्गंधी चिकट गोळा. तो कोणत्याहि द्रवांत विरघळेना. गंधक आणि डिंक या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याला थायोकोल असें नांव मिळालें. पेट्रोललाहि तो दाद देत नसल्यामुळें त्या जातीचीं रबरें पुढें विमानांच्या इंधनटाक्या सांधण्यासाठीं उपयोगीं पडलीं. या रबराच्या कण्यांत गंधकाच्या अणूला गंधकाचा अणु जोडलेला असतो. ही जोडी मोठी विलक्षण आहे. ती टिकण्याइतकी बळकट आहे, पण दोन इलेक्ट्रॉन मिळतांच सुटते आणि ते परत घेतांच पुन्हां जुळते. माणसाच्या केसाला घाट देणाऱ्या प्रथिनांतहि हीच जोडी आहे. सुटणें आणि जुळणें ही जर तिची प्रकृति, तर तिच्याकडून घटाचें काम कां करून घेऊं नये?

हा विचार फळास येण्यापूर्वीं लिथियमच्या घटांनीं दुसरीच वाट धरली होती. १९७६ सालीं एक्सॉन कंपनींतील स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं टायटॅनियम डायसल्फाइडाच्या थरांमध्यें लिथियमचे आयन आंत-बाहेर ये-जा करूं शकतात असें दाखवून दिलें. ऑक्सफर्डमध्यें जॉन गुडइनफ यांनीं १९८० सालीं त्या जागीं कोबाल्टचा ऑक्साइड आणून दाब वाढविला. मात्र धातुरूप लिथियमचा एक दुर्गुण उघडकीस आला. घट पुनःपुन्हां भरूं लागलें कीं त्याच्या पृष्ठावर सुयांसारखे कांटे उगवतात, ते पलीकडच्या ध्रुवाला टेंकले कीं आंतल्या आंत ठिणगी पडते. मॉलिब्डेनम सल्फाइड आणि लिथियम यांचे कॅनडांत बनलेले घट १९८९ सालीं जपानमध्यें आगीच्या प्रकारामुळें परत मागवावे लागले. जपानच्या अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालींच धातूऐवजीं कार्बनाचा ऋण ध्रुव योजिला होता. १९९१ सालीं सोनी कंपनीनें तसा घट बाजारांत आणला आणि तोच पुढें घरोघर गेला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

नेमक्या याच सुमारास कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत गंधकाच्या सांखळीवर काम चाललें होतें. स्टीव्हन व्हिस्को, लुटगार्ड द यॉन्घे, मेलिन ल्यू आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८८ पासून पुढील कांहीं वर्षांत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत गंधक-गंधक जोडीचीं बहुवारिकें कॅथोड म्हणून वापरून दाखविलीं. कल्पना सुंदर होती. घट वीज देऊं लागला कीं महारेणूच्या सांखळींतील एकेक जोडी सुटते आणि सांखळीचे लहान लहान तुकडे होतात. घट भरूं लागला कीं तेच तुकडे पुन्हां जुळून अखंड सांखळी होते. तुटणें आणि घडणें हाच या कॅथोडचा श्वासोच्छ्वास. गंधकाचा प्रत्येक अणु कार्बनच्या चौकटीला एका हातानें घट्ट धरून असल्यामुळें मोकळीं पॉलिसल्फाइडें होण्याचें भय नव्हतें.

पण बंधनाचें मोल द्यावें लागलें. या जातींतील प्रसिद्ध द्रव्य डायमरकॅप्टो-थायाडायझोल. त्याच्या बहुवारिकाची गणितानें येणारी धारणशक्ति ३६२ मिलिअँपिअर-तास दर ग्रॅम, म्हणजे शुद्ध गंधकाच्या चौथाईहूनहि कमी. चौकटीचें वजन गंधकाच्या मानगुटीस बसलें होतें. शिवाय हे घट ८० ते १०० अंशांच्या उष्णतेंत बरे चालत. साध्या हवेंत सुटण्या-जुळण्याची क्रिया फार मंदावे. या मंदपणावर जपानमध्यें नोबोरू ओयामा आणि सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं एक उपाय प्रसिद्ध केला. त्यांनीं त्याच द्रव्यांत पॉलिअ‍ॅनिलीन हें वीज वाहून नेणारें बहुवारिक अगदीं एकजीव मिसळलें. वीज वाहणारीं बहुवारिकें असूं शकतात, हेंच मुळीं १९७७ सालीं शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनीं जगाच्या प्रत्ययास आणून दिलें होतें. त्यांनाहि त्याबद्दल २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ओयामांच्या मिश्रणांत क्रिया जलद झाली. परंतु तुटलेले तुकडे अखेर लहान रेणुच असल्यामुळें, ते हळूहळू द्रवांत झिरपण्याची तक्रार पुरती मिटली नाहीं.

अमेरिकेंत टेर्ये स्कॉथाइम यांनीं १९८८ सालीं मोल्टेक नांवाची कंपनी काढली. तिनें नव्वदाच्या दशकांत पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या कण्याला गंधकाच्या लांब सांखळ्या जोडलेल्या कॅथोडचीं पेटंटें घेतलीं. हीच कंपनी पुढें सायन पॉवर या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिच्या लिथियम-गंधक घटांच्या बळावर २०१० सालच्या जुलै महिन्यांत झेफिर नांवाचें विनावैमानिक विमान अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना प्रांतांत सलग चौदा दिवस आकाशांत राहिलें. दिवसा सूर्याच्या पट्ट्यांनीं घट भरावेत आणि रात्रीं घटांनीं पंखे फिरवावेत, असा तो प्रपंच होता. हलकेपणाचा लाभ काय असतो, हें त्या चौदा रात्रींनीं डोळ्यांना दाखविलें.

बंधनाच्या मार्गावरील सर्वांत टिकाऊ पाऊल मात्र चीनमधील शांघाय शहरीं पडलें. २००२ सालीं वांग ज्यूलिन आणि सहकाऱ्यांनीं पॉलिअ‍ॅक्रिलोनाइट्राइल आणि गंधक यांचें मिश्रण २८० ते ३०० अंशांपर्यंत तापविलें. हें लांबलचक नांवाचें बहुवारिक म्हणजे घरांतील स्वेटरांच्या कृत्रिम लोकरीचें मूळ द्रव्य. उष्णतेनें त्याच्या सांखळींतील हायड्रोजन गंधकाबरोबर हायड्रोजन सल्फाइड वायु होऊन निघून जातो, सांखळी वेटोळीं घालून कार्बन आणि नायट्रोजन यांच्या वलयांची जाळी बनते, आणि उरलेला गंधक आंखूड तुकड्यांच्या रूपानें त्या जाळीस बांधला जातो. जी काळी पूड तयार होते ती कांहीं अंशीं वीजहि वाहून नेते. पहिल्याच निबंधांत ८५० मिलिअँपिअर-तासांपर्यंतची धारणशक्ति आणि ५० फेऱ्यांनंतरहि ६०० नोंदलेली आहे.

या पुडीचें खरें वैशिष्ट्य आंकड्यांपेक्षां वागणुकींत आहे. साधा गंधक लिथियम-आयन घटांतील नेहमींच्या कार्बोनेट द्रवांत चालत नाहीं, कारण त्याचीं पॉलिसल्फाइडें त्या द्रवाशीं भांडतात. ही पूड त्याच द्रवांत शांतपणें काम करते. मोकळीं पॉलिसल्फाइडें जवळजवळ होतच नाहींत, म्हणून धोट्याचा खेळहि बंद पडतो. त्या जाळींत गंधक नेमका कोणत्या रीतीनें बसला आहे, याविषयीं शास्त्रज्ञांत वाद चालत आले आहेत. पण या घट्ट गांठीलाहि आपली किंमत आहे. पुडींत गंधकाचें प्रमाण बहुधा निम्म्याच्या आंतच राहतें, घटाचा दाब दोन व्होल्टांच्या खालीं उतरतो, आणि पहिल्या फेऱ्यांत घेतलेल्या विजेचा बराच भाग परत मिळत नाहीं.

गांठ सैल ठेवली तर काय होईल, याचें उत्तर २०१३ सालीं अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या जेफ्री प्युन यांनीं कोरिया, जर्मनी आणि अमेरिका येथील सहकाऱ्यांच्या साहाय्यानें दिलें. त्यांनीं गुडइयरची कृति उलटी केली. गुडइयरनें पुष्कळ रबरांत चिमूटभर गंधक घातला होता. प्युन यांनीं १८५ अंशांना वितळलेल्या पुष्कळ गंधकांत डायआयसोप्रोपेनिल-बेंझीन हें सेंद्रिय द्रव्य थोडेंसें घातलें. उघडलेल्या गंधक-सांखळ्यांच्या टोंकांना या द्रव्यानें पकडलें आणि त्यांचें पुन्हां कड्यांत रूपांतर होणें थांबलें. वजनानें ९० टक्क्यांपर्यंत गंधक असलेलें आणि तरीहि टिकणारें बहुवारिक अशा रीतीनें विद्रावक न वापरतां हातीं आलें. या उलट्या व्हल्कनायझेशनच्या कॅथोडनें १०० फेऱ्यांनंतर ८२३ मिलिअँपिअर-तास दिले. पुढच्याच वर्षीं त्याच गटानें हा आंकडा हजाराच्या वर नेला. येथें गंधकाच्या सांखळ्या लांब असल्यामुळें पॉलिसल्फाइडें होतात, हें खरें. पण त्यांच्यांत मिसळलेले सेंद्रिय तुकडे तळाशीं बसणाऱ्या कठीण थराला मऊ ठेवतात आणि झीज कमी करतात.

प्युन यांच्या प्रयोगाला एक व्यावहारिक बाजूहि आहे. आज जगांतील बहुतेक मोकळा गंधक खाणींतून निघत नाहीं; तो खनिज तेल आणि वायु यांच्या शुद्धीकरणांत उरतो. भारतांत १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल आणि डीझेल यांतील गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणली गेली. शहराची हवा स्वच्छ व्हावी म्हणून मुंबईच्या माहूल भागांतील तेलशुद्धीकरण कारखाने जो गंधक इंधनांतून बाजूला काढतात, तो याच जातीचा. त्याचा मोठा हिस्सा गंधकाम्ल आणि खतें यांच्या कामीं लागतो, तरी जगांत कित्येक ठिकाणीं पिवळ्या ढिगांच्या टेंकड्या सांचतात. तेलाचा हा गाळ तेलाशिवाय चालणाऱ्या मोटारीच्या कामीं यावा, यांत काळाचा न्याय आहे.

असें असूनहि गंधकाचा घट अद्याप घरोघर गेला नाहीं, आणि त्याचीं कारणें लपवून उपयोग नाहीं. कॅथोड कितीहि सुधारला तरी त्याच्या समोर बहुधा धातुरूप लिथियमच ठेवावा लागतो, आणि त्या धातूचे कांटे अजून पूर्णपणें बोथट झालेले नाहींत. गंधकाचे घट बाजारांत आणण्याच्या ईर्ष्येनें उभी राहिलेली इंग्लंडमधील ऑक्सिस एनर्जी ही कंपनी २०२१ सालीं आर्थिक अडचणींत सांपडून बंद पडली. झेफिर विमानाच्या पुढील आवृत्तीनें २०१८ सालीं जवळजवळ सव्वीस दिवसांचें उड्डाण केलें, तें सिलिकॉनचा ऋण ध्रुव असलेल्या लिथियम-आयन घटांवर. दरम्यान, गुडइनफ यांच्याच गटानें १९९७ सालीं पुढें आणलेल्या लोह-फॉस्फेटाच्या कॅथोडनें कोबाल्टवांचूनहि मोटारी चालविण्याची सोय करून दिली. प्रतिस्पर्धी थांबून राहिला नव्हता.

तथापि या साठ वर्षांच्या उद्योगाला निष्फळ म्हणणें अन्यायाचें होईल. बर्कलीच्या सांखळींत गंधक कार्बनला धरून राहिला, पण ओझें फार झालें. शांघायच्या जाळींत तो घट्ट बसला, पण निम्म्याहून अधिक जागा जाळीनेंच व्यापली. अ‍ॅरिझोनाच्या सांखळींत त्याला मोकळीक मिळाली, पण तो थोडासा भटकतोच. तिन्ही ठिकाणीं हिशेब एकच आहे: गांठ जितकी घट्ट तितका टिकाऊपणा अधिक आणि धारणशक्ति कमी, गांठ जितकी सैल तितकी धारणशक्ति अधिक आणि टिकाऊपणा कमी. ज्यांनीं हे प्रयोग केले त्यांनीं हा हिशेब अंदाजानें सांगितला नाहीं, ग्रॅमाग्रॅमानें आणि फेऱ्याफेऱ्यानें मांडून ठेवला. पुढच्या संशोधकाला आतां अंधारांत चांचपडावें लागत नाहीं.

रसवैद्याला पारा किती बांधला म्हणजे औषध होईल आणि किती मोकळा राहिला म्हणजे विष होईल, हें खलबत्त्यापाशीं बसून ठरवावें लागे. आजच्या रसायनशास्त्रज्ञापुढेंहि तसेंच माप आहे. वस्तु मात्र बदलली आहे. गंधक पाहिजे तेवढा आहे, स्वस्त आहे, आणि विजेची त्याची भूक प्रचंड आहे. त्याला मोकळा सोडून भागत नाहीं आणि पुरता जखडूनहि भागत नाहीं. तो घरांत राहील पण घुसमटणार नाहीं, एवढीच सांखळी त्याच्यासाठीं घडवावयाची आहे, आणि तिचीं कांहीं कडीं घडून तयार आहेत.